बत्तीस कोटी बिंदू

३ सप्टेंबर, गुरुवार

आज दहा माणसांसमोर लाज गेली. डोंगर गोठला.

रस्ते खात्याच्या कार्यालयात आमच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक होतं. ड्रोनवरून लेझर सोडून त्यांनी डोंगर मोजून घेतलाय. मोजणीतून बत्तीस कोटी बिंदू आलेत. ते पडद्यावर मांडले की डोंगर तळहातावर घेतल्यासारखा सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतो. म्हणजे माझ्या टेबलावरच्या यंत्रावर येतो. त्यांचे संगणक आठ-नऊ वर्षांपूर्वीचे. मुख्य अभियंत्यांनी उत्साहानं माऊसचं चाक फिरवलं, डोंगर अर्धवट जवळ आला आणि तिथेच थिजला. मग पडदा पांढरा. मग "प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही." कोणीतरी चहा मागवला, तो पिऊन झाला तरी पांढराच.

परतताना लगेचराव गाडीत माझ्या शेजारी होते. हे आमचे मालक. कुठल्याही कामाला 'लगेच' म्हणतात म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव. तोंडावर अर्थात सर. उतरताना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायचंय. त्यांच्याच संगणकावर लोण्यासारखं फिरलं पाहिजे. कसं ते तू बघ."

काम मोठं आहे. रस्ता रुंद करायला डोंगराचा पायथा कापलाय. वर उतार, खाली बेचाळीस घरांची वस्ती. उतार शाबूत आहे की नाही हे आमच्या चित्रावरून ठरवणार आहेत. आणि जमिनीवरची मोजणी दादाकडे आहे. दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीस वर्षं डोंगर तुडवतोय, पण आम्ही दोघं एका कामावर पहिल्यांदाच.

दादाला आजचं सांगितलं नाही. हसला असता.

५ सप्टेंबर, शनिवार

दादाकडे जेवायला गेले होते. वहिनीनं सांगितलं म्हणजे नाही म्हणायची सोय नसते.

"काय शहाणे," दादा म्हणाला, "तुझा डोंगर कितीचा?"

"बत्तीस कोटी बिंदूंचा."

"माझा दोन पायांचा."

"त्यातला एक गुडघा गेलेला," वहिनी वाढता वाढता म्हणाली. "चढताना कळत नाही, उतरताना मला फोन करतो."

ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही सगळ्यांना पहिलीतल्या पोरांसारखं धरते. मला म्हणाली, "साइटवर हा भेटेल त्याला सांगतो, ते सॉफ्टवेअर माझ्या बहिणीनं केलंय."

"आधीच सांगून ठेवतो," दादा म्हणाला. "उद्या ते बिघडलं तर शिव्या मला नकोत."

असेल तसंच. दादाला यंत्रांचा मुळातच राग आहे.

९ सप्टेंबर, बुधवार

जमलं!

दर चौरस मीटरला साधारण पन्नास बिंदू पडलेत. त्यांची सरासरी काढायची आणि एकच ठेवायचा. त्याआधी एक गाळणी: आजूबाजूच्या बिंदूंपेक्षा जो फार वर किंवा फार खाली असेल तो कचरा समजून टाकून द्यायचा. बत्तीस कोटींचे साठ लाख झाले. मुद्दाम गोदामातून जुना संगणक काढून त्यावर चालवलं. सेकंदाला अठ्ठावीस चित्रं. डोंगर पाण्यातल्या माशासारखा वळतो.

शंकासूर शेजारी येऊन उभा राहिला. हा आमचा टेस्टर. चांगल्या बातमीत खडा शोधणं हेच त्याचं काम. "जवळ गेलं की मूळ बिंदू आणायची सोय होती ना आपल्याकडे?"

"बंद केलीये. त्यानंच तर त्या दिवशी अडकलं. सेटिंगमध्ये आहे, ज्याला हवी त्यानं चालू करावी."

"हवी हे त्यांना कसं कळणार?"

"माहितीपुस्तिकेत लिहिते."

"कितव्या पानावर?"

मी हसले. चौदाव्या पानावर लिहिलं. डोंगराच्या आकारात काही फरक पडत नाही, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. मला तरी वेगळी ओळखता आली नाहीत.

११ सप्टेंबर, शुक्रवार

अभियंत्यांनी अर्धा तास डोंगर फिरवला. एकदाही अडकलं नाही. लगेचरावांनी चक्क पाठ थोपटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी दादाचा फोन.

"ते चित्र बघितलं मी तिथे. वरच्या वळणाच्या मागे भेग आहे ती कुठाय?"

"कसली भेग?"

"उताराला आडवी गेलीये. वीतभर रुंद, पन्नास-साठ पावलं लांब. पाय घालून बघितलाय मी, कमरेपर्यंत आत जातो. तुझ्या डोंगरावर तिथे नुसतं सपाट आहे."

मी म्हटलं, वीतभर म्हणजे आमच्या बारकाव्याच्या खाली गेली, दर मीटरला एकच बिंदू ठेवलाय. तो म्हणाला, "म्हणजे आहे, पण दिसत नाही?"

"डोंगराचा एकूण आकार बरोबर आहे, दादा."

"आकार मलाही माहितीये गं."

इतक्या चांगल्या दिवशी हे ऐकायला नको होतं. स्पष्टच लिहायचं तर मला राग आला.

१४ सप्टेंबर, सोमवार

दादा आज अभियंत्यांकडे जाऊन आला. भेगेचे फोटो घेऊन गेला होता. ते म्हणाले, असल्या भेगा पावसाळ्यात जागोजाग पडतात. मग त्यांनी आमचं चित्र उघडलं, त्या जागी गेले, गोल फिरवून दाखवलं. "तुम्हीच बघा. कुठाय? इतक्या अद्ययावत मोजणीत नाही, तर मी वस्ती हलवायचा प्रस्ताव कशाच्या आधारावर पाठवू?"

दादा मला फोनवर म्हणाला, "तुझ्या मशीननं मला खोटं पाडलं."

मी म्हटलं, मशीन कोणाला खोटं पाडत नाही, ते मर्यादेत काम करतं. सगळे बिंदू दाखवले तर चालणारच नाही, आणि न चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोणाला उपयोग? लांबलचक बोलले मी. मुद्देसूद बोलले असं तेव्हा वाटलं. त्यानं मध्येच "बरं" म्हणून फोन ठेवला. तो कधी मध्येच फोन ठेवत नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

वहिनीचा फोन. दादा दुपारी जेवायला येत नाही, डोंगरावरच असतो. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्यात आणि रोज टेपनं त्यांच्यातलं अंतर मोजतो. नेमलेलं काम गेल्या आठवड्यातच संपलंय. "त्याला कोणी सांगितलंय का हे?" मी विचारलं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "तू कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर?"

तिला मला काहीतरी बोलायचं होतं, हे आवाजात कळत होतं. टोमणाच असणार. मीटिंग आहे सांगून ठेवला फोन.

१७ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात दादाची थट्टा चाललीये. खुंटीवाले काका म्हणतात. अभियंत्यांच्या माणसानं लगेचरावांना सांगितलं, त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना. तो माझा भाऊ आहे हे शंकासुराशिवाय कोणाला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. भाजी संपवली आणि उठले.

साडेचारला त्याचा फोन आला. चढून आल्यासारखा दम लागला होता.

"चार बोटं सरकली. सोमवारपासून चार बोटं. मी घरोघर जाऊन सांगतोय, शाळेत राहायला जा म्हणून. निम्मे ऐकत नाहीत. ऐक, तुझ्याकडे मूळ फाईल असेल ना? सगळे बिंदू असलेली?"

"आहे."

"ती उघड. भेगेचं चित्र काढ आणि अभियंत्यांना पाठव. तुझ्याकडून गेलं तर ऐकतील."

मी त्याला समजावलं, की ती फाईल उघडायलाच चाळीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ यंत्र दुसरं काही करू देत नाही, आणि उद्या नवी आवृत्ती द्यायचीये, यंत्र सोडताच येणार नाही. "रविवारी बघते, दादा. नक्की."

"रविवारी," तो म्हणाला.

"फक्त तीन दिवस."

"बरं. रविवारी तर रविवारी. विसरू नकोस, शहाणे."

चिडला नव्हता. उलट मऊ बोलला. म्हणजे इतकं काही तातडीचं नसावं.

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी उतार खाली आला. दादा वर होता.

२१ सप्टेंबर, सोमवार

सापडला. वळणापासून तीनशे मीटर खाली. टेप गळ्यातच होती.

२४ सप्टेंबर, गुरुवार

जे कळलं ते लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात नुसतं गरगरत राहतं.

बेचाळीसपैकी एकतीस घरं गेली. त्या एकतीस घरांत एकही माणूस नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळे शाळेत गेले होते. सगळे. निम्मे ऐकत नाहीत असं तो गुरुवारी म्हणाला होता, मग शुक्रवारी काय झालं कोणास ठाऊक. शनिवारी सकाळी तो अंतर मोजायला एकटा चढला. एक खुंटी हातानं उपटताना त्याला खालून कोणीतरी पाहिलं. बहुधा मागे सरकवून ठोकायला. तेवढंच.

घरी खूप माणसं होती. वहिनी सगळ्यांना बसायला सांगत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काही खाल्लंस का?" बाकी काही नाही. दोनदा विचारलं. सगळ्यांसमोर मला काय बोलणार ती? म्हणून तेवढ्यावर थांबली असेल.

रविवार आला आणि गेला. मी फाईल उघडली नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

कामावर गेले. माझ्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली जातात. खुंटीवाले काका कोण होते ते आता सगळ्यांना माहीत झालंय.

लगेचरावांनी आत बोलावलं. आधी बराच वेळ टेबलावरची पेनं सरळ करत बसले. मग म्हणाले, चौकशी समिती बसलीये, आठ तारखेला आपल्याला बोलावलंय. "काळजी करू नकोस. माहितीपुस्तिकेत चौदाव्या पानावर मर्यादा स्पष्ट लिहिलीये. तू लिहिलीस हे फार बरं केलंस. आपण सुरक्षित आहोत."

मी बाहेर आले. शंकासूर जिन्यात उभा होता. त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "मी त्या दिवशी अजून भांडायला हवं होतं तुमच्याशी." मी त्याला म्हटलं, तू विचारलंस तरी.

वहिनीचे चार फोन येऊन गेले. घेतले नाहीत. घेतला की ती विचारणार, आणि मला सांगावं लागणार.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पाचवा. घेतला.

"रविवारी येतेस का?" वहिनी म्हणाली. "तो सांगायचा, सगळे बिंदू असलेला डोंगर तुझ्याकडे आहे म्हणून. तो मला बघायचाय."

४ ऑक्टोबर, रविवार

यंत्र गाडीत घालून घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर मांडलं. वहिनीनं पडदे ओढून घेतले, मग परत उघडले, म्हणाली अंधार नको. फाईल उघडायला लावली. काळा पडदा आणि खाली बारीक पट्टी. एक टक्का.

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"बस मग," ती म्हणाली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

तीन टक्के झाले तेव्हा मी सांगितलं. गाळणी मी लिहिली. जवळ गेल्यावर मूळ बिंदू आणायची सोय मी बंद केली. त्यानं गुरुवारी उघडायला सांगितलं होतं आणि मी रविवार म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना, लगेचरावांनी पाठ थोपटली तेही सांगितलं, टेबलावर त्याची थट्टा झाली आणि मी भाजी संपवली तेही सांगितलं.

ती पट्टीकडेच बघत होती.

"माहितीये मला," ती म्हणाली. "तो मला सगळं सांगायचा. तीन दिवस चिडला होता तुझ्यावर. भांडी आपटत होता. मग चौथ्या दिवशी म्हणाला, तिच्यावर चिडून काय करू, त्या जुन्या डबड्यात बसेल तेवढाच डोंगर तिला बसवायला सांगितलाय."

मला हुंदका आला. तिनं पाठीवरून हात फिरवला नाही. "मी मात्र अजून चिडलेली आहे," ती म्हणाली. "ते जाईल का, कधी जाईल, मला माहीत नाही. सांगून ठेवते. पण तू फोन घेतला नाहीस ना, त्याचा जास्त राग आलाय. दोन आठवडे या घरात मी भिंतींशी बोलतेय."

"मला वाटलं तू..."

"काय वाटलं?"

मी पट्टीकडे बोट केलं. अकरा टक्के झाले होते.

मग ती बोलत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा तो तिला साइटवर घेऊन गेला आणि ऊन लागू नये म्हणून मोजणीच्या छत्रीखाली बसवून विसरून गेला, तीन तास. घरातल्या प्रत्येक खोलीची लांबी त्याला तोंडपाठ होती, पण तिचा वाढदिवस नव्हता. आम्ही हसलोसुद्धा. ती उठून चहा करून आली. त्रेसष्ट टक्के.

शंभर झाले आणि डोंगर आला. एकदम येत नाही तो. आधी विरळ, मग दाणे पडत गेल्यासारखा भरत जातो. कड हळूहळू उमटली, मग झाडं, मग प्रत्येक खडक. मी वरच्या वळणामागे नेलं. जपून पाऊल टाकावं तसे यंत्राला एकेका चित्रासाठी चार-पाच सेकंद लागत होते. भेग होती. काळी, आडवी, इतकी ठळक की कोणीही बोट ठेवलं असतं.

भेगेच्या काठावर काहीतरी उभं होतं. शंभरएक बिंदू असतील. मला वाटलं झाडाचा खुंट. वहिनीला नाही वाटलं.

"तोच आहे," ती म्हणाली.

वरून मोजलेला, त्यामुळे चेहरा नाही. टोपीचा गोल, दोन खांदे. डावा पाय गुडघ्यातून वाकलेला, कारण तिकडे वजन द्यायचं तो टाळायचा. ड्रोन डोक्यावरून गेला तेव्हा तो तिथे उभा असणार. माझ्या गाळणीनं भेग टाकली तसा त्यालाही टाकला होता. आजूबाजूच्या बिंदूंपेक्षा फार वर, म्हणून.

वहिनीनं विचारलं, "हे असंच ठेवता येतं? बंद न करता?"

"यंत्र तापेल गं."

"तापू दे."

संध्याकाळपर्यंत ठेवलं. ती मधूनमधून उठून कामं करायची, परत येऊन बसायची. निघताना म्हणाली, "आज इथेच राहा." राहिले. हे तिच्या टेबलावर बसून लिहितेय.

८ ऑक्टोबर, गुरुवार

समितीत तीन जण होते. लगेचराव आधी बोलले, पुस्तिका पुढे केली. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "म्हणजे सॉफ्टवेअरच्या क्षमतेला मर्यादा होती, असं नोंदवू?"

मी म्हटलं, "यंत्राला मर्यादा होती. काय दाखवायचं आणि काय टाकायचं ते मी ठरवलं. भेग मोजणीत आली होती, मी टाकली. मला त्याबद्दल सांगण्यात आलं होतं, तरी मी बघितलं नाही. असं नोंदवा." आणि मूळ फाईलमधलं भेगेचं चित्र टेबलावर ठेवलं. जे सतरा तारखेला पाठवायचं होतं ते.

लगेचरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नोकरी राहील असं वाटत नाही. त्याबद्दल अजून काही वाटत नाहीये.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती, शाळेतून अर्धी रजा काढून आलेली. तिच्याशी एक बाई बोलत होती. वस्तीतली, साक्ष द्यायला आलेली, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. सांगत होती, "तुमच्या यजमानांना मी दोनदा दारातून हाकललं. एकदा तर फार वाईट बोलले. ते शुक्रवारी पुन्हा आले."

"मग कशा निघालात?" वहिनीनं विचारलं.

"ते म्हणाले, आता नुसतं मी सांगत नाहीये. माझ्या बहिणीचं मशीन आहे, मोठं, लेझरचं. त्यातही भेग दिसलीये. ती म्हणालीये आजच निघा. मशीन सांगतंय म्हटल्यावर आमचे हे उठले. शेजारचेही उठले. सगळ्यांना तसंच सांगितलं त्यांनी."

मी दोन पावलांवर उभी होते.

बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुम्हीच का त्या? बहीण?" तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, मोकळ्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले हो."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. वहिनीनं मागून माझा दंड पकडला, इतका घट्ट की अजून दुखतोय. बाई माझा हात सोडेना. मुलगी माझ्या चष्म्याकडे हात करत होती. मी मान हलवली.